वाफसा बघून सायकल काढा : नांदूर मध्यमेश्वरच्या पाटवाटा आणि पाणथळ

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. त्याच्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, गाळाची बेटे वर आली आणि त्यांवर पाणकणीस माजले. जलाशय म्हणून हा तोटा होता. बदके, बगळे आणि शराटींना मात्र त्यातून घर मिळाले. १९८६ मध्ये इथे पक्षी अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, म्हणून जाहीर झाले. याच बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. त्यांच्या कडेचे मुरमाचे सेवारस्ते, गावांना जोडणाऱ्या पाणंदी आणि ऊस-द्राक्षांच्या शिवारातल्या गाडीवाटा यांवरून सकाळभर सायकल चालवता येते, आणि ट्रकचा हॉर्न क्वचितच कानावर पडतो.

मात्र इथले सायकलिंग रस्त्यावरच्या सायकलिंगसारखे नाही. किती किलोमीटर आणि किती वेगाने, हे इथे माती ठरवते. म्हणून तयारी मातीपासून सुरू करा.

काळी माती, मुरूम आणि वाफसा

गोदाकाठची माती भारी काळी आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओल्या काळ्या मातीत सायकल घातली की पहिल्या वीस-तीस मीटरमध्ये टायरवर मातीचा थर चढतो. पुढच्या पन्नास मीटरमध्ये तो थर फोर्क आणि फ्रेमच्या फटीत जाऊन बसतो आणि चाक फिरायचे थांबते. जोर लावून पेडल मारले तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. चिखलाने होणारे सर्वांत महागडे नुकसान हेच. चाक जड लागले त्याच क्षणी उतरा, काडीने माती काढा आणि आल्या वाटेने मागे फिरा. पुढे वाट चांगली असेल या आशेवर रेटू नका. काळ्या रानात सहसा ती पुढे आणखी वाईट असते.

शेतकरी पेरणीला वाफसा बघतो, तोच सायकलस्वाराने बघावा. वाटेच्या कडेची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाच्या टोकाने फुटला, तर वाट चालण्याजोगी आहे. गोळा लांबवून वळी होत असेल, माती हाताला चिकटत असेल, तर ती वाट त्या दिवसापुरती सोडा. दुसरी खूण टाचेची. बुटाची टाच दाबून फिरवा. ठसा एक सेंटिमीटरपेक्षा खोल उमटला आणि बुटाच्या तळाला माती लागली, तर टायरलाही लागणार.

अंदाज असा धरा : सरीवर सर आल्यावर कालव्याचा मुरूम रस्ता चांगले ऊन पडल्यास एका दिवसात सुकतो, काळ्या मातीच्या गाडीवाटेला चार-पाच दिवस लागतात. जून ते सप्टेंबर या भागात जाऊच नका. वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग सुरू झाला की चांदोरी-सायखेडा पुलावरही पाणी येते. काठच्या वाटांचे तर विचारायलाच नको. ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरते, पण पाटाच्या भरावावर गवत छातीएवढे असते आणि त्याखालचा खड्डा दिसत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पक्षीही तेव्हाच असतात.

मार्चनंतर वेगळाच प्रश्न येतो. चिखलात उमटलेली ट्रॅक्टरची आणि बैलगाडीची चाकोरी दगडासारखी घट्ट होते. चाकोरीत चालायचे की मधल्या उंचवट्यावर, हे आधी ठरवा आणि शक्यतो तीच ओळ धरून ठेवा. ओळ बदलायचीच असेल तर वेग कमी करून चाकोरी मोठ्या कोनात ओलांडा. तिरपे, हळूहळू वर चढायला गेलात तर पुढचे चाक काठाला घासत राहते आणि सायकल आडवी होते. वाटेला समांतर गेलेल्या भेगांचेही तसेच : तीन-चार सेंटिमीटर रुंदीची भेग अरुंद टायर सहज गिळते.

मातीबरोबर पाटाचे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळीही विचारा. रब्बीचे पाणी सुटले की भरावातून पाझर होतो, चाऱ्यांच्या (पाटाच्या लहान फाट्यांच्या) तोंडाशी पाणी सांडते आणि जानेवारीच्या कोरड्या उन्हातही सेवारस्त्याचे सखल तुकडे मऊ पडतात. आदल्या दिवशी गावातल्या चहाच्या टपरीवर “पाटाला पाणी कधी सुटलं?” एवढे विचारले की खरे उत्तर मिळते.

वाट आखणे

सायकलिंगच्या तयार ॲपवर भरवसा ठेवला तर ते तुम्हाला डांबरी रस्त्यावर नेईल किंवा कुणाच्या तरी द्राक्षबागेच्या तारेशी आणून सोडेल. उपग्रहचित्र उघडा आणि वाट स्वतः आखा.

आधी पूल शोधा. गोदावरी, कादवा आणि कालवे कुठे ओलांडता येतात, त्या जागा थोड्याच आहेत आणि फेरीचा आकार त्यांवरच ठरतो. प्रत्येक पुलावर खूण करा. मग पाटाची रेघ धरा. तिच्या शेजारची फिकट, तांबूस-पांढरी रेघ म्हणजे मुरमाचा सेवारस्ता. तो बहुधा एकाच काठावर नीट असतो. दुसऱ्या काठावर हिरवी रेघ दिसली तर तिथे वेडी बाभूळ आणि गवत माजले आहे असे समजा. शेतांमधून जाणारी गडद तपकिरी रेघ ही काळ्या मातीची गाडीवाट, म्हणजे फक्त कोरड्या दिवसांसाठी. चित्र कोणत्या महिन्यातले आहे तेही बघा. एप्रिलच्या चित्रात हमरस्त्यासारखी दिसणारी वाट नोव्हेंबरमध्ये उसाखाली असू शकते.

ओढे-नाल्यांवरून पाट जातो तिथे मोरी किंवा जलसेतू असतो, आणि सेवारस्ता अनेकदा तिथेच तुटतो. अशा जागी खाली उतरून ओढ्यातून जावे लागते किंवा वळसा पडतो. चित्रात पाट सरळ चाललाय पण बाजूची फिकट रेघ अचानक खाली वळली, तर ती हीच जागा. जलसेतूच्या भिंतीवरून सायकल उचलून नेण्याचा मोह अजिबात नको.

पहिल्या फेरीसाठी ३० ते ३५ किलोमीटर पुरेत. मुरमावर ताशी १२ ते १४ आणि गाडीवाटेवर ८ ते ९ किलोमीटरचा वेग धरा. चालवण्याचे तीन तास आणि थांबण्याचे दोन, म्हणजे फेरी पाच तासांची. दर आठ-दहा किलोमीटरवर डांबरी रस्त्याला मिळणारी एक पळवाट आखून ठेवा. आखलेल्या वाटेची फाइल फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या.

अभयारण्याचे चापडगावचे प्रवेशद्वार नाशिकपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. मुंबई-भुसावळ मार्गावर निफाड स्थानक आहे, पण सायकल घेऊन येणाऱ्यांना गाडीवर रॅक लावून येणेच सोयीचे पडते. नाशिकहून चांदोरी-सायखेडा मार्गे येता येते किंवा निफाडहून खाली उतरता येते. कोठुरे, करंजगाव, मांजरगाव, खाणगाव थडी आणि नांदूर मध्यमेश्वर ही गावे फेरीतल्या खुणा म्हणून धरा. पाणी, चहा आणि पंक्चरचे दुकान गावातच मिळते, पाटावर नाही.

सेवारस्ता जलसंपदा विभागाचा आहे आणि तो पाटाच्या देखभालीसाठी आहे. साखळी किंवा फाटक लावलेले असेल तर त्याखालून सायकल सरकवू नका. जवळच्या शाखा कार्यालयात किंवा पाटकऱ्याला विचारा. लहान चारीच्या मातीच्या बांधावर सायकल कधीच चालवू नका. टायरची एक चर पडली की तिथून पाणी झिरपायला लागते, आणि रात्री उठून तो बांध शेतकऱ्याला लिंपावा लागतो.

सायकल, टायर आणि हवा

खडी-मुरमासाठीची ग्रॅव्हल सायकलच हवी असे नाही. पुढे शॉक नसलेली साधी हायब्रिड ३८ मिलिमीटरच्या टायरवर कोरड्या दिवसात हे सगळे करू शकते. फक्त टायर आणि फ्रेमच्या मधली फट बघा : दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर मोकळी हवी, नाहीतर थोडा चिखलही चाक अडवतो. मडगार्ड काढून ठेवलेले बरे, माती आधी त्यांतच कोंदते. रिम ब्रेकपेक्षा डिस्क ब्रेक चांगले, कारण मुरमाची बारीक वाळू रिम ब्रेकच्या रबरात रुतून रिम खरवडते.

सर्वांत जास्त चूक होते हवेत. दुकानदार ६०-६५ पीएसआय भरून देतो, आणि तेवढ्या हवेवर मुरमावर हाताला मुंग्या येतात, चाक उसळते, वळणावर पकड सुटते. ६५ ते ७० किलो वजनाच्या माणसासाठी सुरुवात अशी करा : ट्यूब असलेल्या ४० मिलिमीटर टायरमध्ये पुढे ३८ आणि मागे ४२, ट्यूबलेस ४५ मिलिमीटरमध्ये पुढे २८ आणि मागे ३१, २.१ इंची एमटीबी (माउंटन बाइक) टायरमध्ये ट्यूबसह पुढे २४ आणि मागे २७. वजन दर दहा किलोने वाढेल तसे तीन पीएसआय वाढवा. टायरवर छापलेली मर्यादा मात्र दोन्ही टोकांना पाळा. मोजायला गेज असलेला पंप घ्या. अंगठ्याने दाबून आठ-दहा पीएसआयचा फरकसुद्धा कळत नाही.

हवा फार कमी झाली तर दगडावर आदळताना टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात, सापाच्या दातासारखी. तशी खूण दिसली की काटा शोधत बसू नका, पुढच्या वेळी चार पीएसआय वाढवा.

साखळीला पातळ, कोरडे किंवा मेणाचे तेल लावा. घट्ट तेलावर मुरमाची धूळ बसून काळी लापशी होते आणि ती कानशीसारखी साखळी झिजवते. तेल प्रत्येक कडीवर एक थेंब, आदल्या रात्री, आणि वरचे जादा तेल फडक्याने पुसून टाकलेले.

काटे

या भागात पंक्चर होणार, हे धरूनच चला. बाभळीच्या छाटलेल्या फांद्या कुंपणाला लावतात आणि त्या वाटेवर पसरतात. वेडी बाभूळ पाटाच्या भरावावर आपोआप येते. सगळ्यात त्रासाचा सराटा : जमिनीसरशी पसरणारी पिवळ्या फुलांची वेल, तिची वाळलेली फळे कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. सायकल टेकवायला म्हणून वाटेच्या कडेला घेतली की टायरमध्ये एकदम दहा-बारा सराटे बसतात. थांबताना सायकल चाकोरीतच उभी करा किंवा उचलून कडेला न्या.

ट्यूबलेस असेल तर ४० मिलिमीटर टायरला ६० मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारे द्रव) घाला. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकते. चाक कानाशी धरून हलवा, आत डुचमळ ऐकू आली नाही तर पुन्हा भरा. काटा दिसला आणि हवा जात नसेल तर तो काढू नका. घरी जाऊन काढा आणि लगेच छिद्र खाली येईल असे चाक फिरवा.

ट्यूबवाल्यांनी दोन ट्यूब, सहा पॅच, पॉलिशपेपर, सोल्यूशन, दोन टायर लिव्हर आणि पंप घ्यावा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून सुती फडके दोन्ही दिशांनी फिरवा. काट्याचे टोक फडक्याचा धागा धरते. बोट फिरवले तर बोटच फाटते, आणि तुटलेले बारीक टोक तरीही सुटते. सराट्याच्या वाटेवर एक काटा सापडला म्हणून थांबू नका. पूर्ण फेरी तपासा. दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते ती बहुतेक याच घाईमुळे.

पॅच लावताना ट्यूब घासून तिची चमक घालवा, सोल्यूशन पॅचपेक्षा थोडे मोठे आणि पातळ पसरा, आणि मग पाच मिनिटे थांबा. बोटाला चिकटेनासे झाले की पॅच दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच उन्हात तापलेल्या टायरमध्ये सरकतो. पॅच सुटण्याचे मुख्य कारण एवढेच असते.

निघण्याची वेळ

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावर पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो. पाटाच्या उघड्या भरावावर ती थंडी बोटांना आधी लागते आणि ब्रेक धरवत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे, कान झाकणारी पट्टी आणि एक वाऱ्याचे पातळ जाकीट घ्या. साडेनऊनंतर हे सगळे काढून ठेवायला जागा लागते, म्हणून लहान हँडल बॅग बरी.

तरीही अंधारात निघू नका. निफाड तालुक्यातल्या उसात बिबट्यांचा वावर आहे आणि ते पहाटे-संध्याकाळी जास्त फिरतात. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो. सव्वासातला, स्वच्छ उजेडात निघा आणि संध्याकाळी पाचपर्यंत गावात या. किमान दोघे असा. दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वाटेवर घंटी वाजवत, बोलत जा. पंक्चर तिथे झाले तर सायकल ढकलत मोकळ्या रानापर्यंत न्या आणि मगच खाली बसा. वाकून बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो.

वाटेवरची माणसे, जनावरे, पाणी

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडणीचा काळ. शिवाररस्त्यावर उसाच्या बैलगाड्या येतात आणि त्यांना ब्रेक नसतो म्हटले तरी चालेल. उतारावर गाडी येताना दिसली तर वर किंवा खाली, जिथे रुंद जागा असेल तिथे थांबा आणि पूर्ण वाट द्या. मागून जाताना घंटीपेक्षा माणसाचा आवाज चांगला. अचानक घंटीने बैल बुजतात. “दादा, उजवीकडून येतो” एवढे पुरते. तोडणी टोळ्यांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) लहान मुले वाटेवरच खेळत असतात, तिथे उतरून चाला. मेंढ्यांचा कळप आला तर पाय टेका आणि तो आपल्या भोवतीने जाऊ द्या. कुत्रे मागे लागले तर पळू नका; थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, आणि दोन मिनिटांत ते कंटाळते.

द्राक्षबागेत ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी चालू असेल तर ढगातून जाऊ नका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबा, ट्रॅक्टर ओळ संपवून वळला की निघा. मोटारींच्या केबल आणि ठिबकचे पाइप वाट ओलांडून गेलेले असतात. त्यांवर ब्रेक मारू नका, सरळ आणि हळू पार करा.

पाटाबद्दल एक गोष्ट कडक : त्यात हात-पाय धुवायला, बाटली भरायला, सायकल धुवायला उतरू नका. अस्तर केलेल्या पाटाच्या उतरत्या भिंतीवर शेवाळ असते, प्रवाह दिसतो त्यापेक्षा जोरात असतो आणि धरायला काही नसते. पोहता येणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. माणशी दोन लिटर पाणी घरूनच घ्या. वारा साधारण दहा-अकरानंतर उठतो. जमल्यास जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर घ्या.

पाणथळाजवळ

अभयारण्याच्या दारात तिकीट काढा आणि सायकल तिथेच लावा. निरीक्षण मनोऱ्यांकडे पायी जा, स्थानिक गाइड दुर्बिणीसह बरोबर घ्या. कोणता थवा आज कुठे उतरला हे त्यांना माहीत असते. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हळदी-कुंकू बदक, चमचा, जांभळी पाणकोंबडी आणि शेकाट्या यांना बघायला वेळ द्यावा लागतो, आणि सायकलचे बूट घालून दोन तास उभे राहवत नाही. साधे बूट घाला.

बाहेरच्या वाटांवर काठाशी असाल तेव्हा पक्ष्यांच्या मानेकडे बघा. चरणारी बदके माना वर करून स्थिर झाली की तुम्ही जास्तच जवळ आलात. तिथेच थांबा, दोन-तीन मिनिटांत ती पुन्हा चरायला लागली नाहीत तर मागे सरका. एकदा उडालेला थवा दमतो आणि दूरवरून आलेल्या पक्ष्यांना ती ताकद परतीच्या प्रवासाला लागते. पाण्याच्या कडेचा गाळ वरून कोरडा आणि पापुद्र्यांचा दिसतो, खाली मात्र मांडीइतका चिखल असू शकतो. सायकलच काय, पायही घालू नका.

मार्चपासून मुरमाच्या वाटांवर टिटवीची वीण सुरू होते. तिला घरटे बांधायचे नसते; ती खड्यांत खळगा करून बहुधा चार अंडी घालते. मातकट, काळ्या डागांची ती अंडी दोन हातांवरूनही खडीत वेगळी दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर झेपावली किंवा जमिनीवर लंगडत पुढे पळाली, तर अंडी पायाखालीच कुठेतरी आहेत. उतरा, समोरच्या जमिनीवर नजर ठेवून स्वतःच्याच टायरच्या खुणेवरून मागे जा आणि दुसरी वाट घ्या. ती जागा मागून कुणी येत असेल तर त्याला सांगा, पण फोटोसाठी तिथे थांबू नका. अंड्यांवर ऊन पडते आहे.

घरी आल्यावर

चिखल ओला असताना काढा, वाळल्यावर रंगासकट निघतो. प्रेशरच्या फवाऱ्याने हब आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये पाणी शिरते, म्हणून बादली, मऊ ब्रश आणि साधे पाणी. टायरला चिकटलेले जलपर्णीचे तुकडे आणि गवताचे बी मात्र निघण्याआधी पाणथळाजवळच झटकून टाका, दुसऱ्या तलावाच्या काठावर नेऊ नका. साखळी फडक्याने पुसून पूर्ण वाळवा, मगच तेल. टायर बोटभर अंतराने फिरवत बघा आणि दिसेल तो काटा चिमट्याने काढा. मग हवा पूर्ण भरून सायकल रात्रभर ठेवा आणि सकाळी गेज लावा. दहा पीएसआयहून जास्त उतरली असेल तर एखादा सराटा अजून आतच आहे.